कासवाच्या तोंडात निर्माल्य

मी काढलेलं कासव माझ्याच हातानं पुसायला लावलं, याला बरेच महिने झाले, पण राग काही उतरत नाही. पुसायला लावणारे परके असते तर एवढं लागलं नसतं. रोज एका टपरीवर चहा पिणारी माणसं होती.

मी पेंटर. घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, जांब समर्थ, या पट्ट्यात दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणुकीच्या भिंती रंगवून घर चालवलं. मग फ्लेक्स आला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचं रडगाणं नको. स्वच्छ भारत आणि २०२० पासूनचं माझी वसुंधरा अभियान, यांनी आम्हाला थोडं जगवलं एवढं खरं. भिंतीवर पृथ्वीचा गोळा काढायचा, त्याला दोन हात, हातात रोप. हा गोळा मी इतक्यांदा काढलाय की डोळे मिटून काढीन. त्यानं कुणाची सवय सुटली असं मात्र पाहिलं नाही. भिंतीशी उभं राहणारे गोळ्यासमोरही उभे राहतातच.

म्हणून एका शाळेतले हरित सेनेचे सर मोबाइल घेऊन आले आणि “पेंटर, नालीच्या ढाप्यांवर चित्रं काढायची,” म्हणाले, तेव्हा मला हसूच आलं. भिंती संपल्या, आता नाल्या! त्यांनी फोटो दाखवले. अमेरिकेत रस्त्याकडेच्या गटाराच्या तोंडाशी मासा काढलेला, खाली लिहिलेलं की इथलं पाणी चेसापीक उपसागरात जातं, काही टाकू नका. फ्रान्समध्ये तर गटाराशेजारी पाटीच असते, समुद्र इथूनच सुरू होतो अशी. तिकडे बऱ्याच शहरांत मोरी-संडासाचं पाणी वेगळ्या नळानं शुद्धीकरणाला जातं आणि पावसाचं पाणी दुसऱ्या नळानं तसंच्या तसं नदीत. लोकांना वाटतं, गटारात टाकलं म्हणजे कुणीतरी पुढे साफ करेल. ते तसं नाही, हे सांगायला ती चित्रं.

मी म्हटलं, “सर, आपल्याकडं दोन नळ कुठंयत? अंघोळीचं, भांड्यांचं, गोठ्याचं, गॅरेजचं, वरून पावसाचं, सगळं एकाच नालीत.”

सर म्हणाले, “म्हणून तर जास्त गरज आहे.”

हे मला पटलं नव्हतं आणि अजूनही पुरतं पटलेलं नाही. ज्या नालीत प्रत्येक घराची मोरी रीतसर सोडलेली आहे, तिच्यावर “घाण टाकू नका” लिहायचं म्हणजे काय? पण काम होतं, रंगाचे पैसे सर देणार होते, पोरं हाताशी होती. मी हो म्हटलं.

मजकुरावर बरीच चर्चा झाली. शेवटी सरांचंच वाक्य राहिलं: “इथून गोदावरी सुरू होते.” वाक्य चांगलं होतं, नाही कशाला म्हणू. नालीतून ओढा, ओढ्यातून नदी, आणि आपला सगळा तालुका गोदावरीचाच. दक्षिणेची शीवच तिची आहे. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळीच्या बंधाऱ्यांत आता तिचं पाणी अडतं, आणि अडलेल्या पाण्यात काय काय येऊन बसतं ते काठावरच्यांना विचारा. कुणी म्हणेल, वरून नाशिकपासूनची घाण येते, तिथं आपल्या नालीचा काय हिशोब! एका गॅरेजवाल्यानं मला हेच ऐकवलं, तेही इंजिनातलं काळं ऑइल नालीत ओतता ओतता. अमेरिकेचं पर्यावरण खातं सांगतं की एका गाडीचं जुनं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. सरांनी त्याला हा आकडा सांगितला. त्यानं विचारलं, “गॅलन म्हंजी किती?” तिथंच तो विषय संपला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२२ च्या अहवालात देशातल्या नद्यांचे ३११ पट्टे प्रदूषित म्हणून मोजले, त्यातले सगळ्यात जास्त, ५५, आपल्या महाराष्ट्रात. हे पंचावन्न काही एकट्या नाशकानं केलेले नाहीत.

ढाप्यावर चित्र काढणं भिंतीसारखं सोपं नसतं. वरून ऊन, खालून ओल. ऑइल पेंट मारला की महिन्याभरात फुगतो आणि पापुद्रे सुटतात. म्हणून आधी तारेच्या ब्रशनं घासून शेवाळ काढायचं, दोन दिवस कडक वाळू द्यायचं, सिमेंटचं प्रायमर, त्यावर बाहेरच्या भिंतीचा पाण्याचा रंग दोन हात, आणि आउटलाइन तेवढी ऑइलची. एप्रिलमध्ये उरकलं ते बरं झालं, कारण २०२५ चा मे निम्मा पावसातच गेला. पोरांनी खंड्या, ढोकरी, मरळ, बेडूक असं काय काय काढलं. चौकाजवळचा मोठा ढापा मी स्वतःकडं ठेवला. त्याला रस्त्याच्या अंगानं पाणी आत जायला वीतभर खाच होती आणि उचलायला सळईच्या दोन कड्या. मला तिथं कासव दिसलं. खाच म्हणजे उघडं तोंड, कड्या म्हणजे डोळे. जे टाकाल ते थेट त्याच्या तोंडात, हा त्यातला अर्थ.

पहिल्यांदा मी आपल्या गोदावरीतलं कासव काढलं, मऊ पाठीचं. चपटं, मातकट, पुढं नळीसारखं नाक. पाठीवर चौकोन-बिकोन काही नसतात त्याच्या. पोरं म्हणाली, “काका, हे कासव न्हाई, भाकरीला पाय फुटल्यात.” सरांनाही ते ओळखू येईना. मग ठसठशीत कवच, पाठीवर चौकोन, मान पुढं काढलेली, असं रंगवलं. देखणं झालं होतं. जाता-येता लोक थांबून पाहत. मला पाटीच्या कामात कधी एवढं कौतुक मिळालं नव्हतं.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी तिथून जाताना पाहतो तर कासवाच्या कपाळावर हळद-कुंकू, पाठीवर बेलाची पानं. मी उभाच राहिलो. गोदावरीला आमच्याकडं सगळे गंगाच म्हणतात, आणि महादेवाच्या देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतंच. दोन्ही एकाच ढाप्यावर. बायकांनी जोडायचं ते जोडलं. मला गंमत वाटली, आणि खोटं कशाला सांगू, थोडा आनंदही झाला. त्या ढाप्यावर कुणी थुंकत नव्हतं. पुड्या टाकत नव्हतं. शेजारचा पानटपरीवाला रोज सकाळी तेवढी जागा झाडून घ्यायचा. पोरांच्या मरळीवर पिचकाऱ्या पडून ती लाल झाली होती, आणि माझं कासव मात्र लखलखीत.

दुसऱ्या सोमवारी दूध. कासवाच्या तोंडात, म्हणजे खाचेतून नालीत. नंतर निर्माल्य. आधी सुटी फुलं, मग कॅरीबॅगमध्ये बांधून. निर्माल्य गंगेत सोडायचं असतं, आणि गंगा इथून सुरू होते असं आम्हीच लिहून ठेवलेलं. राज्यात २०१८ पासून बंदी असलेल्या त्या पिशव्या आमच्याकडं कुठून येतात हे देवालाच माहीत. हार, नारळाच्या शेंड्या, अगरबत्तीचे पुडे, एकदा तर काच फुटलेली देवाची तसबीर. सगळं कासवाच्या तोंडात. हाच तर आमचा मुद्दा होता, फक्त उलटा!

सरांनी पोरांना तिथं उभं करून सांगून पाहिलं. एक मावशी म्हणाल्या, “आम्ही काय घाण टाकतोय का? फुलं हायत.” त्यावर काय बोलणार?

व्हायचं ते झालं. एका रात्री जोराचा पाऊस झाला, खाच बुजलेली, पाणी रस्त्यावर आलं आणि दोन दुकानांत शिरलं. एका दुकानात खालच्या फळीवरचा माल भिजला. सकाळी मला बोलावणं आलं.

गल्लीतले पाच-सहा जाणते खुर्च्या टाकून बसलेले. सर आधीच येऊन उभे. मला बस कुणी म्हटलं नाही. पहिला आरोप, मी देव नालीवर काढला, लोकांच्या भावना दुखावल्या. दुसरा, माझ्या चित्रामुळं नाली तुंबली. मी म्हटलं, “दादा, एक काहीतरी ठरवा. तो देव असंल तर निर्माल्य टाकणाऱ्यानं पुण्य केलं, मंग पाणी तुंबल्याचा राग कामून? अन् देव नसंल तर भावना कशाच्या दुखावल्या?” हे ऐकून ते जास्तच चिडले. खरा मुद्दा मांडला की माणूस उद्धट ठरतो. मी म्हटलं, देवळात कासव जमिनीतच असतं की, फरशीत. त्यावर उत्तर आलं, देऊळ वेगळं अन् गटार वेगळं. मग गटारात फुलं वाहताना ते वेगळं नव्हतं का? ज्यांनी कॅरीबॅग कोंबल्या त्यांच्यातल्या एकालाही कुणी बोलावलं नव्हतं. बसलेल्यांपैकी दोघांच्या घरातून तिथं पूजा होत होती, मी डोळ्यांनी पाहिलेली. त्यातला एक मला विचारत होता की मी कुणाला विचारून देव काढला. मी देव काढलाच नव्हता. मी कासव काढलं होतं. देव त्यांनी केला.

सर मध्ये पडले, “कासवाच्या जागी मासा काढू.” एकानं लगेच अडवलं, मत्स्य हा पण अवतारच आहे. पोरांची मरळ चार महिने पिचकाऱ्या झेलत होती, तेव्हा तिचा अवतार कुणाला आठवला नव्हता. ओट्यावर एक आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “डुकरं रोज नालीत लोळत्यात, तवा कुणाला वराह आठवला न्हाई रं?” एक जण हसला आणि मग तोंड फिरवून बसला. बाकीच्यांना ते आवडलं नाही. आजींना कुणी उलट बोललं नाही, बोलायला मी होतो.

तक्रार करू, शाळेवर जाऊ, असा सूर निघाला तसे सर गप्प झाले. त्यांना दोष देत नाही. नोकरीचा माणूस. दोन वर्षांनी बदली होऊन जाणाऱ्यानं गल्लीशी किती भांडायचं? पण त्या क्षणी त्यांनी नुसतं “पेंटरचं चुकलं नाही” एवढं म्हणायला हवं होतं. ते वाक्य मला अजून हवं आहे.

दुपारी मी पांढरा डबा घेऊन बसलो. ऑइलची आउटलाइन पाण्याच्या रंगाला दाद देईना, कासव आरपार दिसत राहिलं. तीन हात मारावे लागले. कासव काढायचे पैसे मिळाले होते, पुसायचे कुणी दिले नाहीत. पांढऱ्यावर मग बेडूक काढला, कारण बेडकावर कुणाचा आक्षेप निघाला नाही. दोन दिवसांत त्याच्यावर गुटख्याच्या पुड्या पडल्या आणि आठवड्यात तो मरळीसारखाच लाल झाला. टपरीवाल्यानं झाडणं सोडलं. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस पडला, जायकवाडीतून लाखांवर क्युसेक पाणी सुटलं आणि गोदाकाठच्या गावांना माणसं हलवावी लागली, त्यात आमच्या नाल्या, ढापे, चित्रं यांची गोष्ट कोण काढणार? पाण्यानं एका झटक्यात सगळं धुऊन पुढे नेलं. परभणी-नांदेडकडं.

नांदेडवरून आठवलं. सरांना मी तेव्हाच म्हणालो होतो, चित्रं कशाला, टेंभुर्णीला जाऊन या. हिमायतनगर तालुक्यातलं गाव. तिथं नालीच काढून टाकली. घराच्या मोरीशी चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-खडी. आधी एका छोट्या चेंबरमध्ये गाळ बसतो आणि मग पाणी टाकीतून जमिनीत मुरतं. नाली नाही, डबकं नाही, त्यामुळं डास नाहीत. शोषखड्ड्याचा नांदेड पॅटर्न म्हणून राज्यभर नाव झालं. आपल्याकडं काळी जमीन, पाणी लवकर मुरत नाही, तर खड्डा मोठा करावा लागेल, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागेल. पण करता येईल. बाजारपेठेत जागा नाही, कबूल. गावाच्या कडेच्या वस्त्यांत तर भरपूर आहे. नवं घर बांधणाऱ्यानं स्लॅबवर लाखो रुपये घालायचे आणि मोरीचं पाणी शेजाऱ्याच्या दारात सोडायचं, हे बंद झालं पाहिजे. मी माझ्या घराशी खड्डा केलाय. कुणाला पाहायचा असेल तर दाखवतो.

आणि इतकं बोलून माझंच मला पटत नाही. कारण कासव होतं तोवर त्या एका ढाप्यावर कुणी थुंकलं नव्हतं. पृथ्वीच्या गोळ्यानं जे जमलं नाही ते कासवानं केलं होतं, भले चुकीच्या कारणानं. जिन्याच्या कोपऱ्यात देवाच्या टाइल्स लावतात ना, लोकांनी थुंकू नये म्हणून, त्याचा मला मनापासून तिटकारा आहे. अशी दोन कामं मी नाकारलीही आहेत. मग कासवाच्या कपाळावर कुंकू पाहून आनंद का झाला होता? खाच तेवढी मागच्या अंगाला असती, तोंडात काही घालायला जागा नसती, तर कदाचित ते आजही तिथं असतं आणि त्याच्या पाठीवर रोज बेल पडला असता.

परवा बसस्टँडकडच्या एका हॉटेलवाल्यानं हाक मारली. म्हणाला, “पेंटर, ते कासव आमच्या दारातल्या ढाप्यावर काढा. लोक लई थुंकतात.” मी विचारलं, देव म्हणून की कासव म्हणून? तो म्हणाला, “तुम्ही कासव काढा, बाकीचं लोक बघतील.” मी चारही बाजूंनी ढापा पाहिला. खाच भिंतीकडं होती. रंग माझा, मजुरी वेगळी, निर्माल्याची जबाबदारी तुमची, असं स्पष्ट सांगितलं आणि पाचशे रुपये ॲडव्हान्स घेतला.