पाच रुपयांचा उपवास

‘सोलापूर? तिथं काय आहे, चादरी?’ माझ्या फ्लॅटमेटचा पहिला प्रश्न. म्हटलं, माझी शाळा आहे. मार्च २०२५ मधला गुरुवार होता. संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडली आणि चारेक तासांनी सोलापूरला उतरले. रात्रीसुद्धा हवा गरम. मार्च म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्याचा ट्रेलर!

निमित्त होतं लेंटचं. मराठी ख्रिस्ती मंडळी त्याला उपवासकाळ म्हणतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत चाळीस दिवस. कॅलेंडरवर मोजाल तर सेहेचाळीस भरतील, कारण मधले रविवार धरत नाहीत. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून राख करतात आणि तिचा क्रूस कपाळावर काढतात. मग प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही तीन कामं. यातलं तिसरं काम आमच्या कॅथलिक शाळेत अगदी जोरात चालायचं. आणि त्यातच माझी एक जुनी बोच अडकलेली आहे.

मी ख्रिस्ती नाही. आमच्या वर्गात ख्रिस्ती मुलं बोटांवर मोजण्याइतकीच होती. बाकी लिंगायत, पद्मशाली, मुसलमान, मराठा, मारवाडी. सोलापूरला याचं नवल नाही. ही ट्रेन ज्यांच्या नावानं धावते ते चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ही नावं वाचली की मला आमच्या वर्गाची हजेरीच आठवते.

कपाळावरच्या राखेचंही नवल नव्हतं. गावाचं दैवत सिद्धेश्वर. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं तळं खोदलं, अडुसष्ट लिंगं स्थापली. त्यामुळे एका बाकावर भस्माचे आडवे पट्टे, पुढच्या बाकावर राखेचा क्रूस, आणि गणिताच्या बाईंचा ओरडा दोघींना सारखाच.

आता ती बोच. उपवासकाळात प्रत्येक वर्गात एक डबा फिरायचा. सिस्टर सांगायच्या, घरून पैसे मागून आणू नका, स्वतःचं काहीतरी सोडा आणि त्याचे पैसे टाका. वडापाव सोडा, पेप्सीकोला सोडा. चर्चच्या नियमानुसार उपवासाची सक्ती १८ ते ५९ वयाच्या लोकांवर, आणि तीही राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी. आम्ही तर सातवीत! म्हणजे जे काही करायचं ते राजीखुशीनं. पण वर्गावर्गात चुरस लागली आणि कुणीतरी टूम काढली, की फळ्यावर नावं आणि रक्कम लिहायची. लिहायला वर्गाची मॉनिटर. म्हणजे मी.

सगळ्यात वर माझं नाव होतं. शंभर रुपये. पप्पांनी पाकिटातून काढून दिलेले. मी काही म्हणजे काहीच सोडलं नव्हतं. सगळ्यात खाली माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं नाव. पाच रुपये. मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज आला. मी खडू ठेवला आणि मीही हसले. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

शुक्रवारी सकाळी आधी तिच्याच घरी गेले. ती आता हैदराबादला नोकरी करते. तिची आई राहते कुंभारीतल्या गोदूताई वसाहतीत. विडी वळणाऱ्या बायकांसाठी बांधलेली ही १० हजार घरं, २००६ साली त्यांच्या ताब्यात आली. दारातच सूप मांडीवर घेऊन अम्मा बसल्या होत्या. आम्ही सगळ्याच त्यांना अम्मा म्हणायचो. विडीची मजुरी हजारावर मिळते. हजार भरले तर पैसे, त्यातून खराब निघालेल्या विड्यांचं नुकसान वळणारीचं. बोलताना त्यांचे हात थांबत नव्हते.

‘ये की गं. किती वाळलीस! जेवून जायचं बघ.’

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढ्यात आली. मी घास घेतला आणि एकदाचं बोलून टाकलं. डबा, फळा, पाच रुपये.

‘त्या उपासात ती बसनं येत नव्हती,’ अम्मा म्हणाल्या. ‘चालत यायची उन्हातनं. तिकिटाचे पैसे साठवायची. मी म्हटलं, आपला सण का हा? तर म्हणे, सिस्टरनी सांगितलंय, स्वतःचं काहीतरी सोडायचं.’

‘अम्मा, फळ्यावर मीच लिहायचे.’

‘माहितीय की. अक्षर लई छान आहे तुझं, ती सांगायची.’

भाकरी घशाखाली उतरेना. अख्ख्या वर्गात सिस्टरचं म्हणणं नीट कळलं होतं ते एकटीला, आणि यादीत ती सगळ्यात खाली होती. बायबलमध्ये दोन नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट आहे. तिनं सगळ्यात जास्त दिलं, असं येशू म्हणतो. ती गोष्ट आम्हाला मूल्यशिक्षणाच्या तासाला चक्क परीक्षेला होती. मला पैकीच्या पैकी मार्क होते.

दुपारी शाळेत गेले. त्या वर्षी रमजान २ मार्चला सुरू झाला आणि राखेचा बुधवार आला ५ मार्चला, त्यामुळे अर्ध्या वर्गाचे डबे बंदच. चॅपलमध्ये क्रुसाची वाट चालू होती. येशूच्या शेवटच्या प्रवासाची चौदा स्थानं, प्रत्येक स्थानापाशी थांबून प्रार्थना. बाहेर व्हरांड्यात पुठ्ठ्याचा खोका. वर फट, बाजूला नाव नाही, आकडा नाही.

‘फळा बंद केला का?’ मी सिस्टरना विचारलं. या सिस्टर नव्या, आमच्या वेळच्या नव्हेत.

‘कधीच! या हाताचं त्या हाताला कळता कामा नये, मग फळ्याला कशाला?’

उपवासकाळात कॅरितास इंडिया ही कॅथलिक बिशपांची संस्था देशभर भूक आणि रोग यांच्याविरुद्ध मोहीम चालवते. १९६२ सालची संस्था. चर्च आणि शाळांमधून तिच्यासाठी असे पैसे गोळा होतात. एका मुलानं काय सोडलं होतं माहितीय? मोबाइलवरचा गेम. ‘पण त्याचे पैसे वाचत नाहीत ना,’ तो फारच काळजीत होता!

येताना ट्रेनमध्ये हिशोब करत बसले. आपल्यातले निम्मे लोक इंटरमिटंट फास्टिंग करतात. सोळा-सोळा तास उपाशी. वाचलेल्या ब्रेकफास्टचे पैसे कुठं जातात? संध्याकाळच्या कॉफीत. ऑफिसच्या चॅरिटी डेला आपण टी-शर्ट घालून फोटो काढतो आणि लगेच पोस्ट करतो. वाईट काही नाही त्यात. फक्त तो फळाच आहे, आणि खडू आपल्याच हातात आहे.

मैत्रिणीला रात्री मेसेज केला. बऱ्याच वर्षांनी. उत्तर आलं, ‘अम्मानं चटणी दिली का?’ दिली होती. अर्धा किलो.

आणि हो, निघताना मीही त्या खोक्यात पैसे टाकले. किती, ते इथं लिहीत नाही.