टिकटिक, तीन बिलं आणि चाचांची वही

मंडळी, आज राजकारण नाही. एका इंजिनाबद्दल लिहितोय. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याने तर नक्की वाचा.

आपल्या देऊळगाव राजातल्या एका निवृत्त गुरुजींकडे प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, तेच जुनं फियाटचं इंजिन. वीस महिन्यांपूर्वी बाहेरगावच्या एका मोठ्या गॅरेजात त्यांनी ते पूर्ण उतरवून नवं करून घेतलं. हजारभर किलोमीटर झाले आणि वरून टिकटिक सुरू. टॅपेट सेट केले, आवाज गेला. महिन्याभरात परत आला. मग रॉकर शाफ्ट बदलला. परत तेच. तिसऱ्यांदा हेड उतरवून वॉल्व आणि स्प्रिंगा नव्या टाकल्या. तरी टिकटिक हजर! पैसे दरवेळी वेगळे. लोक म्हणायला लागले, "गुरुजी, जालन्याला पाठवा, सळई तरी होईल." जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळतं हे खरं, पण सांगणाऱ्यांपैकी एकानेही बोनेट उघडून पाहिलं नव्हतं.

शेवटी गाडी गावातल्याच एका जुन्या मिस्त्रीकडे आली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी पहिल्या दिवशी काहीच बदललं नाही. शाळेची वही काढली, आठ वॉल्वच्या आठ ओळी आखल्या, थंड इंजिनावर फिलर गेजने प्रत्येकाची गॅप मोजून लिहिली. म्हणाले, "पाचशे किलोमीटर चालवा अन् परत या. मधे कोणाकडून सेट करू नका."

मी विचारलं, "चाचा, आवाज तर आत्ताही येतोय, मग थांबायचं काऊन?"

"आवाज एवढंच सांगतो की फट आहे. फट वाढते का कमी होते, ते वही सांगते."

हे मला फार आवडलं. वॉल्व सीटमध्ये खाली धसत असेल तर गॅप कमी होत जाते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, तेव्हा जुन्या गाड्यांच्या मऊ सीटांना हाच धोका होता, कारण पेट्रोलमधलं शिसं सीटची झीज रोखायचं. त्यात टिकटिक होत नाही, उलट इंजिन शांत होतं आणि एक दिवस वॉल्व जळतो. पण गॅप वाढत असेल तर झीज कॅम, टॅपेट, पुशरॉड किंवा रॉकरमध्ये शोधायची. गुरुजी परत आले तेव्हा आठपैकी दोन ओळींत गॅप जवळपास दुप्पट झाली होती. बाकी सहा जागच्या जागी.

चाचांनी त्या दोन पुशरॉडवर डायल गेज लावून इंजिन हाताने फिरवलं. दोघांची उचल बाकीच्यांपेक्षा कमी. म्हणजे दोष हेडमध्ये नव्हताच, खाली ब्लॉकमधल्या कॅमशाफ्टमध्ये होता. ऑइल काढून त्यात चुंबक फिरवलं तर बारीक लोखंडी कीस चिकटला. टॅपेट बाहेर काढले. असा टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरत राहतो, म्हणून सगळीकडून सारखा घासतो. या दोघांच्या तळाला मात्र सरळ चर पडली होती. फिरणं कधीच बंद झालं होतं.

कारण? कॅमशाफ्ट नवीन टाकला, पण टॅपेट जुनेच वापरले. जुन्या कॅमवर घासलेला टॅपेट नव्या कॅमला खातो, ही या धंद्यातली अगदी प्राथमिक गोष्ट. वर इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर तासभर स्लोवर ठेवलं होतं, हे गुरुजींनी स्वतः पाहिलेलं. नव्या कॅमला पहिली वीसेक मिनिटं दोन हजारांच्या आसपास आरपीएम लागतात, तरच तेल नीट उडून पोचतं. आणि ऑइल भरलं ते नव्या गाड्यांचं, पातळ. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून त्या ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपर्यंतच ठेवतात. नेमकं तेच झिंक-फॉस्फरस अशा कॅमला वाचवतं.

आता माझा मुद्दा. तिन्ही बिलं मी पाहिली. एकावर "इंजिन काम", दुसऱ्यावर "हेड काम", तिसरं म्हणजे कोऱ्या चिठ्ठीवर नुसता आकडा. कोणते पार्ट नवे, कोणते जुने, ऑइल कोणतं, कुठेच नाही. तीन वेळा दुरुस्ती झाली, पण चौथ्या माणसाला वाचायला एक ओळ मिळाली नाही. आपल्याकडे हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टरची इंजिनं अशीच उघडतात आणि अशाच चिठ्ठ्यांवर बंद होतात.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. २०२० च्या नियमांनुसार बिलावर अनुक्रमांक, तारीख, कामाचा तपशील आणि सही लागते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं.

गुरुजी तक्रार करायला तयार नाहीत. गॅरेजवाला त्यांचाच विद्यार्थी. "पोराचं नाव खराब होईल," म्हणतात. मी म्हटलं, "सर, तक्रार नका करू, पण तपशीलवार बिल तरी मागा." काल त्यांनी पत्र लिहिलं. सुवाच्य अक्षरात, शुद्धलेखन अगदी चोख, खाली "तुझा गुरुजी". चार महिने हातात आहेत. उत्तर आलं की इथे टाकतो.

गाडीत नवा कॅम, नवे टॅपेट आहेत. चाचांच्या वहीत दोन नोंदी झाल्या, आठही गॅप तशाच आहेत. तिसरी नोंद पुढच्या रविवारी.