कॅन

आमच्या घरी न्हाणीच्या बाहेर पांढरे कॅन ओळीने उभे असत. वीस-वीस लिटरचे, लाल बुचाचे. धाराशिव जिल्ह्यात बालाघाटाच्या माथ्यावरच्या गावात वाढलेल्यांना त्यांचं अप्रूप नाही. उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसू लागला की टँकरची वाट बघायची. नंबर लागावा म्हणून रात्रीच कॅन रांगेत ठेवून द्यायचा, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड. घागर डोक्यावर एकच बसते. कॅन मात्र सायकलला दोन्हीकडून लटकवता येतात आणि पाणी हिंदकळत नाही.

हे कॅन आठवडी बाजारात भंगारवाल्याकडे मिळत. आई ते राखेने घासायची, गरम पाण्याने विसळायची, चार दिवस उन्हात पालथे घालायची. तरी एका कॅनचा वास कधी गेलाच नाही. गोडसर, नाकात चढणारा. "हा सांडायच्या पाण्याला ठेव, प्यायच्या पाण्याला नको," असं म्हणून आईने त्याला बाजूला काढलं. त्याच्यावर अर्धवट खरवडलेला कागद होता आणि कागदावर लाल चौकटीत आगीची ज्वाळा. मी ती नखाने खरवडत बसायचे. तिचा अर्थ घरात कुणालाच माहीत नव्हता.

पुढे रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी बाहेरगावच्या एका औषध कंपनीत तपासणी विभागात लागले. पहिल्याच दिवशी एचपीएलसीच्या टेबलाखाली तोच कॅन दिसला. तसाच पांढरा, तीच ज्वाळा.

एचपीएलसी म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. औषधाचा थेंब द्रावकाच्या प्रवाहात सोडायचा, तो प्रवाह बारीक भुकटीने भरलेल्या नळीतून दाबाने ढकलायचा. घटक एकामागून एक बाहेर पडतात. हा द्रावक बहुतेक वेळा मिथेनॉल किंवा अॅसिटोनायट्राइल आणि पाणी यांचं मिश्रण असतो. काम झालं की तो बारीक नळीने खालच्या कॅनमध्ये ठिबकतो. मिनिटाला साधारण 1 मिलिलिटर. बघताना काहीच वाटत नाही. पण तासाला 60 आणि दिवसरात्र यंत्र चाललं तर 1,440 मिलिलिटर होतात.

आमच्या कॅनचं बूच कधीच हरवलेलं होतं. तोंडावर अॅल्युमिनियमची फॉइल आणि तिला भोकं पाडून खोचलेल्या चार यंत्रांच्या चार नळ्या. संध्याकाळी डोकं जड व्हायचं. आम्ही ते कामाच्या ताणावर ढकलायचो आणि चहा घ्यायचो.

एका शनिवारी रात्री आठला आम्ही चारही यंत्रं लावून घरी गेलो. कॅन पाऊण भरलेला होता, म्हणजे 15 लिटर. सोमवारी सकाळी आठपर्यंत 36 तास झाले; त्यात साडेआठ लिटरची भर पडली. हा हिशोब चौथीच्या मुलाला जमला असता, आम्ही कुणी केला नाही. मी पोचले तेव्हा सफाईच्या मावशी टेबलाखाली वाकून फडक्याने फरशी टिपत होत्या. उघड्या हातांनी. फडकं बादलीत पिळत त्यांनी विचारलं, "पाणीच हाय ना ताई?"

ते पाण्यासारखंच दिसत होतं. मिथेनॉलने माणसं आंधळी होतात. अॅसिटोनायट्राइल श्वासातून, कातडीतूनही शरीरात जातं आणि तिथे त्याचं सायनाइड होतं. अॅसिटोनायट्राइलची वाफ 2 अंश तापमानालाही पेट घेऊ शकते. म्हणजे आमच्याकडची पौषातली पहाटसुद्धा त्याला पुरेशी थंड नाही. हे सगळं आम्ही शिकलेलो होतो. मावशींना ते कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कॅनवर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. मी त्यांचे हात साबणाने धुवून दिले, खिडक्या उघडल्या, त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्या सुखरूप राहिल्या. पण त्यांचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

त्यानंतर मी कॅनच्या मागे लागले. नुसतं घट्ट बूच लावूनही चालत नाही. आत द्रव येतो तेवढी हवा बाहेर जावी लागते. ती कोंडली तर कॅन फुगतो, दाब नळीतून उलटा यंत्रापर्यंत पोचतो. म्हणून यासाठी वेगळं बूच मिळतं. त्याला नळ्या घट्ट बसवायला आटे असलेली भोकं असतात आणि हवेच्या वाटेवर कोळशाची गाळणी. हवा जाते, वाफ कोळशात अडकते. कोळसा भरत आला की गाळणी बदलायची. कॅन ट्रेमध्ये ठेवायचा, म्हणजे सांडलं तरी फरशीवर येत नाही. पाऊण भरला की बदलायचा. क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकांचा कॅन वेगळा. नायट्रिक आम्ल किंवा पेरॉक्साइड यात कधीच ओतायचं नाही. आणि सिंकमध्ये तर एक थेंबही नाही.

चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला आम्ही तेरला जातो. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी कुंभाराच्या थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. यंदा समाधीपुढे उभी असताना मनात आलं, मातीचं भांडं ठोकलं की बोलतं. प्लास्टिकचा कॅन बोलत नाही. पाणी असो की विष, बाहेरून सारखाच दिसतो. त्याच्या वतीने त्याच्यावरच्या कागदाने बोलावं लागतं. आत काय आहे, किती आहे, कधीपासून आहे, धोका कसला, हे मावशींना वाचता येईल अशा मराठीत.

अशा वापरलेल्या द्रावकांसाठी घातक कचऱ्याचे 2016 चे नियम आहेत. हा कचरा कारखान्याने 90 दिवसांहून जास्त साठवायचा नाही, परवाना असलेल्या केंद्राकडेच द्यायचा. त्याच नियमांत रिकामे, रसायन लागलेले पिंप आणि कॅन हेसुद्धा घातक कचऱ्यात धरले आहेत. ही ओळ वाचली तेव्हा न्हाणीबाहेरचा तो वासाचा कॅन डोळ्यापुढे आला. कुठल्यातरी टेबलाखालून, कुठल्यातरी भंगारातून तो आमच्या रांगेत येऊन उभा राहिला होता.

म्हणून प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माझ्या भावाबहिणींना एवढीच विनंती. कॅनला गाळणीचं बूच लावा, त्यावर मराठीत लिहा आणि रिकामा झाला तरी तो भंगारात देऊ नका. आमच्याकडे उन्हाळ्यात रिकामा कॅन रिकामा राहत नाही. त्यात पाणी भरलं जातं.