फायरबॉचा पोरगा

आज दिवसभर अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू) जोश ॲलनच डोक्यात घोळतोय. कॅलिफोर्नियातलं फायरबॉ म्हणजे शेतीवर जगणारं लहानसं गाव. तिथल्या शाळेच्या या क्वार्टरबॅककडे मोठ्या विद्यापीठांनी ढुंकूनही पाहिलं नाही. हा बेसबॉल, बास्केटबॉलही खेळायचा, घरच्या शेतात राबायचा. नामांकित उन्हाळी शिबिरांत मिरवायला सवड कुठली? (विद्यापीठांच्या प्रशिक्षकांची नजर पडते ती तिथंच!) मग रीडलीच्या दोन वर्षांच्या कॉलेजात एक हंगाम गाजवला आणि खेळाच्या चित्रफिती जोडून देशभरच्या प्रशिक्षकांना ईमेलांचा सपाटा लावला. बहुतेकांनी दाद दिली नाही. वायोमिंग विद्यापीठाने घेतलं. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, बफेलो बिल्स संघाने त्याला सातव्या क्रमांकावर उचललं. पोराचं कौतुक आहेच. पण शिबिरांत दिसेल त्यालाच निवडायची विद्यापीठांची ही पद्धत आळशी आहे, असं माझं स्पष्ट मत.