थंड इंजिनाची खडखड

वापरलेली गाडी बघायला जायचं ठरलं की मी मालकाला एवढंच सांगते, मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका. कोथरूडच्या त्या सोसायटीत पोचले तेव्हा गाडी सुरूच होती, एसीही लावलेला. पाहुणचार चांगला, पण बॉनेट हाताला चटका देत होतं. "उद्या सकाळी पुन्हा येते," म्हटल्यावर मालकांचा चेहरा जरा उतरला.

दुसऱ्या दिवशी डिसेंबरातल्या गारठ्यात चावी फिरवली आणि इंजिनाच्या पुलीकडच्या बाजूनं, पत्र्याच्या डब्यात कुणी खिळे हलवावेत तसा आवाज आला. पाच-सात सेकंदांत बंद. मालक म्हणाले, "जुन्या गाड्यांना एवढं असतंच." एवढं नसतं. क्षणभर कुरकुर झाली तर समजू शकतं, कारण टायमिंग चेनचा ताण धरून ठेवणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं ऑइल खाली उतरतं आणि दाब येईपर्यंत चेन सैल असते. पण चांगल्या इंजिनात तो दाब लगेच येतो. सात सेकंद म्हणजे काहीतरी झिजलंय.

तरी गाडी मी घेतली. पत्रा स्वच्छ होता, गिअर सुरेख पडत होते, आणि त्या खडखडीच्या नावावर मालकांनी २५ हजार सोडले. किलोमीटर ७८ हजार दिसत होते, पण त्या आकड्यापेक्षा मला सर्व्हिसच्या पावत्यांत जास्त रस होता. शेवटच्या दोन ऑइल बदलांत अडीच वर्षांचं अंतर होतं. चेनला टायमिंग बेल्टसारखं ठरावीक मुदतीला बदलावं लागत नाही, म्हणून ती जन्मभर टिकते असं लोक धरून चालतात. ती टिकते ती ऑइलच्या जिवावर.

आमचे मिस्त्री उतावळे नाहीत, ही त्यांची मोठी गोष्ट. "ताई, आधी स्वस्तातलं करून बघू," म्हणाले. पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ऑइल भरलं आणि फिल्टर बदलला. चांगल्या फिल्टरमध्ये रबराची एक झडप असते, ती बंद गाडीत ऑइल मागे जाऊ देत नाही. हलक्या फिल्टरमध्ये ती कडक होऊन बसते, आणि नुसत्या त्यानंही सकाळी अशी खडखड होऊ शकते. आमच्या गाडीचा आवाज थोडा कमी झाला, पण गेला नाही. मग मिस्त्रींनी बाहेरचा बेल्ट काढून थंड इंजिन अर्धं मिनिट चालवलं. त्याहून जास्त नाही, कारण त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही फिरतो. अल्टरनेटर आणि पुल्या थांबल्या तरी खडखड तशीच. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चेनच्या कव्हरला टेकवून त्यांनी दांडा कानाला लावला आणि मग मलाही ऐकवलं. वरच्या बाजूला कमी, टेन्शनरपाशी स्पष्ट.

स्कॅनरवर मात्र कोड नव्हता. त्यावरून कुणी चेनला निर्दोष ठरवू नये. क्रँक आणि कॅम यांचा मेळ ठरलेल्या मर्यादेपलीकडे चुकला तरच पी-००१६ उमटतो. त्याच्या अलीकडे झीज गुपचूप चालू असते. आणि ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीनं येतात, तिथे चेन दात सोडून उडाली की व्हॉल्व्ह वाकू शकतात.

कव्हर उघडलं. टेन्शनरचा दांडा जवळजवळ शेवटच्या खाचेपर्यंत बाहेर आलेला आणि चेनला टेकणाऱ्या प्लॅस्टिकच्या गाईडचं टोक तुटलेलं. नाना पेठेतून आणलेली नवी चेन आणि जुनी चेन मिस्त्रींनी एकाच खिळ्याला टांगली. जुनी खाली अर्ध्या कडीनं लोंबत होती. चेन ताणली असं आपण म्हणतो, पण पोलाद काही ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिचं भोक जरा जरा झिजतं आणि शेकडाभर सांध्यांची झीज एकत्र होते. जुनं, काळं ऑइल त्या सांध्यांत पॉलिश पेपरचं काम करतं. दुकानदार नुसती चेन द्यायला तयार होता. आम्ही चक्रं, गाईड, टेन्शनर सगळंच घेतलं, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेनही लवकर खराब होते.

गाईडच्या तुटक्या टोकासाठी इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं. तुकडे फडक्यावर मांडून जुळवले तर एक कमी. तो ऑइल पंपाच्या जाळीत अडकला होता. ऑइलचा दाब यायला उशीर का लागत होता, ते तिथे उमगलं. नुसती चेन बदलून कव्हर बंद केलं असतं तर हा तुकडा आतच राहिला असता.

नवी चेन चढवून चक्रांवरच्या खुणा जुळवल्या, टेन्शनर दाबून धरणारी पिन ओढली. मिस्त्रींनी स्टार्टरला हात लावायच्या आधी पान्यानं क्रँक दोनदा पूर्ण फिरवला, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक होते. कुठे अडलं नाही, खुणा पुन्हा जागेवर. कव्हरचा सीलंट रात्रभर सुकू दिला. सकाळी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून आधी नुसतं क्रँक केलं, म्हणजे टेन्शनरमध्ये ऑइल भरेल, आणि मग गाडी सुरू केली.

खडखड गेली. पण तिच्या आड दडलेला एक बारीक झणझणाट आता ऐकू येऊ लागला. मिस्त्री खाली वाकले, सायलेन्सरवरचा पत्रा हातानं दाबला, झणझणाट थांबला. गंजलेल्या बोल्टला नवा वॉशर घालून त्यांनी तो आवळला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.