तणसाखालची मोटार

कोणाला तपकिरीचे व्यसन असते, कोणाला पत्त्यांचे. मला दुसऱ्यांच्या गोठ्यात डोकावण्याचे व्यसन आहे. "लोक घरातल्या माणसांची चौकशी करतात, आमचे हे गोठ्याची करतात," असे आमची सौभाग्यवती चारचौघांत सांगते, आणि तिला दोष देता येत नाही. तिच्या मावसभावाच्या लग्नात वऱ्हाड पंगतीला बसले असता मी मांडवामागच्या कोठारात सापडलो होतो. हातात बॅटरी होती आणि डोक्यावर कोळिष्टके. जुनी मोटार कोठे दडलेली आहे का, एवढेच मी पाहत होतो. पण व्याह्यांना ते पटवून देईपर्यंत जिलबी संपली.

व्यसनाला धंद्याची साथ मिळाली की ते सुटत नाही. अपघातात चेपलेल्या गाड्यांची पाहणी करून विम्यासाठी नुकसानीचा अंदाज देणे, हा माझा चरितार्थ. त्यापायी आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव असा सारा मुलूख मी स्कूटरवरून पालथा घातला. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. मी हिंडू लागलो तेव्हा हे सारे भंडाऱ्यातच मोडत होते. तळ्यांचा, धानाचा आणि विडीचा हा प्रदेश. काम आटोपले, चहा झाला, की मी हळूच विचारी, "इकडे कोणाकडे जुनी मोटार आहे का हो?"

धानाच्या बांध्यांतून मोटारी आल्या कोठून, असे वाचकांना वाटेल. त्या आल्या मालगुजारांच्या हौसेने. गावाचा सारा गोळा करावा, सरकारात भरावा आणि आपला वाटा ठेवावा, असा मालगुजाराचा अधिकार होता. जिल्ह्याचे ठिकाण भंडारा. कोर्टाची तारीख तेथे. देवरीवरून नागपूर-रायपूरचा मोठा रस्ता गेलेला. शेजारच्या मालगुजाराने मोटार घेतली म्हटल्यावर आपण रेंगीतून कसे जायचे? अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईला शिवडीत कारखाना घातला होता. बोटीने सुटे भाग यायचे, शिवडीत ते जोडले जायचे आणि शेव्हर्ले गाडी तयार व्हायची. गोंदियाचे धान्यव्यापारी, विडीवाले आणि आसपासचे मालगुजार अशा गाड्यांचे गिऱ्हाईक. गावात मोटार आली की पोरे मागे धावत आणि बैल उधळत.

मग त्या गोठ्यात का गेल्या? दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मोजून मिळू लागले. काहींनी गाडीला कोळशाच्या गॅसची शेगडी जोडली, काहींनी गाडी उभीच केली. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. उत्पन्न गेले, ड्रायव्हर गेला. १९५४ साली शिवडीचा कारखानाही बंद झाला आणि सुटे भाग मिळेनात. पुढे अॅम्बेसेडर आली, आणि जुनी गाडी विकायला काढली तरी घेणारा उरला नाही. हत्ती पोसवत नसला तर दान तरी देता येतो. मोटारीला कोण विचारतो? तिच्यावर तणस पडले, धानाची पोती पडली, मोडका पाळणा पडला.

अशी गाडी हुडकणे हेही एक शास्त्र आहे. गोठ्याचे दार बैलगाडीला लागते त्याहून रुंद असले, की मी कान टवकारतो. कोंबड्या एखाद्या ढिगावर ओळीने, एकाच उंचीवर बसत असतील, तर खाली काहीतरी सपाट आणि लांब आहे असे समजावे. फसगतही पुष्कळ होते. एका गावी "इंग्रजांच्या वेळची गाडी आहे, आतून मखमल आहे," असे ऐकून मी भर उन्हात दहा कोस गेलो. निघाली नवरदेवाची मोडकी पालखी!

आता खरी गोष्ट सांगतो. १९९८ सालची दिवाळी. आमच्याकडे पाडव्याला गायगोधन होते, आणि त्यानंतर गावोगाव मंडई भरते. वर्षभर न भेटलेली माणसे भेटतात, शिंगाडे आणि ऊस विकायला येतात, सोयरिकी जुळतात आणि रात्री दंडार रंगते. अशाच एका मंडईत मी घोंगडी पांघरून दंडार पाहत होतो. सोंगाड्या पुढे आला आणि त्याने 'पों पों' असा भोंगा वाजवला. पोरे खिदळली. मी मात्र ताडकन उठलो. तो भोंगा पितळी, वळणदार नळीचा होता, टोकाला रबरी फुगा. मोटारीखेरीज तो कशाचाच असणे शक्य नव्हते.

दंडार संपेपर्यंत मला धीर निघेना. सोंगाड्या तोंडावरचा रंग पुसत म्हणाला, "हा आमचा नाही जी. तीन कोसांवर वाडा आहे, तिथल्या मोठ्या बाईंनी आमच्या बुढ्याला दिला होता. फुगा तेवढा आम्ही दोनदा बदलला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वाड्यावर हजर. पुढच्या छपरीत साठी ओलांडलेल्या बाई शिंगाडे सोलत बसल्या होत्या. चाळिशीतला मुलगा बाहेर आला. मी नेहमीचा प्रश्न विचारला. तो हसला. "आहे म्हणतात. मी तरी पुरती पाहिली नाही. जन्मल्यापासून तणसच पाहतो आहे."

आम्ही दोघांनी आणि एका गड्याने दुपारपर्यंत तणस ओढले. आधी रेडिएटरवरची टोपी दिसली, मग दोन मोठे दिवे, मग शेव्हर्लेचे ते आडव्या गाठीसारखे चिन्ह. उघड्या टपाची, १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गाडी. टायर जमिनीत रुतलेले, गादीत उंदरांचे संसार. दार उघडले तर ते सबंध माझ्या हातात आले! त्या काळी पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा असे. तो वाळवीने फस्त केला होता आणि वरचा पत्रा सवयीने उभा होता. पण इंजिन जागेवर होते, त्यावरचा क्रमांक स्वच्छ वाचता येत होता. मला कोण आनंद झाला! मी तेथेच भाषण सुरू केले. नागपुरात माझा एक शौकीन स्नेही आहे, तो चांगली किंमत देईल; दिल्लीत १९६४ पासून अशा गाड्यांची शर्यत भरते; कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला कशी थाटाने निघते! मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. त्या वर्षी तुडतुड्याने त्याचे धान खाल्ले होते, आणि थोरल्या मुलीला नागपूरला शिकायला ठेवायचे होते. "विसरूनच गेलो होतो पाहा आम्ही हिला," तो म्हणाला.

"कोण विसरलं?"

बाई केव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या, आम्हाला कळले नव्हते.

त्या तेथेच उंबऱ्यावर बसल्या आणि सांगू लागल्या. आवाज चढला नाही की उतरला नाही. १९४९ साली गोंदिया स्टेशनावरून नवरी होऊन त्या याच मोटारीतून वाड्यावर आल्या. दोन वर्षांनी मालगुजारी गेली, ड्रायव्हर गेला, गाडी उभी राहिली. तोवर त्यांना पहिला मुलगा झाला होता. तो रांगत मोटारीपाशी जाई आणि भोंग्याचा फुगा दाबी. दुसरे खेळणे त्याला लागत नसे. १९५३ च्या पावसाळ्यात त्याला ताप भरला. रात्री तो फार वाढला.

"मामाजींनी कंदील घेतला आणि गोठ्यात गेले. हँडल फिरवलं. तळहाताची साल गेली, तरी फिरवत होते. बॅटरी मेलेली, पेट्रोल तळाला, दोन वर्षं कोणी हात लावलेला नाही. ती कशी चालू व्हावी? मग रेंगी जुंपली. नाल्याला पाणी होतं. रेल्वेच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा..." त्यांनी हातातला शिंगाडा सुपात ठेवला. "दुसऱ्या दिवशी मामाजींनी गड्यांना बोलावून मोटारीवर तणस रचायला लावलं. भोंगा मी आधी काढून घेतला. घरात ठेवला तर वाजल्यासारखा वाटे, म्हणून दंडारीच्या पोरांना दिला. पंचेचाळीस वर्षं झाली. गाईसाठी रोज तणस मीच काढते जी. किती काढायचं ते मला ठाऊक आहे."

मुलाला यातले अक्षरही ठाऊक नव्हते. त्याला एक थोरला भाऊ होता, हेच त्याला त्या दिवशी कळले. मी दार हातात धरून तसाच उभा होतो. खाली ठेवावे तर आवाज होईल, अशी मला भीती वाटत होती. अपघाताची पाहणी करण्यात माझी हयात गेली. किती नुकसान झाले हे आकड्यांत मांडणे हे माझे काम. त्या दुपारी मला एकही आकडा सुचेना. मी क्षमा मागून निघालो, तणस पुन्हा रचून देतो म्हणालो.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "नातीच्या शिक्षणाला पैसे होत असतील तर गाडी न्या. मात्र इथून चालू करून न्या. एकदा तिचा आवाज ऐकू द्या."

बोलणे सोपे होते. इंजिन गंजून जाम झालेले. गोंदियातला एक वयस्क मिस्त्री मी गाठला. त्याने सहाही प्लग काढून भोकांतून तेल आणि रॉकेल ओतले, आणि म्हणाला, "आता जा. पंधरा दिवस हिला हात लावू नका. जबरदस्ती केली तर आतला दांडा मोडेल." दर रविवारी आम्ही जात होतो आणि नवे तेल ओतून परत येत होतो. पाचव्या रविवारी हँडल वीतभर फिरले. मग त्याने कार्बोरेटर उकलून धुतला, पॉइंट घासले, नव्या तारा घातल्या. सहा सिलिंडरांना ठिणगी कोणत्या क्रमाने द्यायची ते तो पाढ्यासारखे म्हणे: एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. टाकीत गंजाशिवाय काही नव्हते, म्हणून पेट्रोलची बाटली वर टांगून नळी जोडली. सहा व्होल्टची बॅटरी राजदूत मोटारसायकलीची आणली. बाई रोज छपरीतून पाहत. जवळ येत नसत.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मिस्त्रीने हँडल मुलाच्या हाती दिले. "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा जी, वेढा घालू नका. उलटा फटका बसला तर मोडतो." पहिल्या फेऱ्यांना काही झाले नाही. मुलगा घामाघूम झाला. मी म्हणालो, जरा थांबा. तो थांबेना. त्याच्या तळहाताकडे पाहून मी पुढे बोललो नाही. मग एक खोकला आला, काळ्या धुराचा लोट निघाला, वळचणीची पाखरे उडाली, गाईने दावे ताणले, आणि इंजिन चालू झाले!

बाई गोठ्यात आल्या. पदर नाकाला लावून बोनेटपाशी उभ्या राहिल्या. रेडिएटर गळका, गाडी फार वेळ चालू ठेवण्यासारखी नव्हती. पण मिस्त्री बंद करायला धजेना. दोन मिनिटे गेली असतील.

"लग्नात याहून मोठा वाटला होता जी आवाज," त्या म्हणाल्या. "करा आता बंद."

आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

होळीनंतर गाडी ट्रकवरून नागपूरला गेली. किंमत लाखमोलाची आली नाही. नातीची तीन वर्षे निघाली. माझ्या स्नेह्याने पुढे सागाचा नवा सांगाडा घालून गाडी रस्त्यावर आणली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली सरकारने वेगळी नोंदणी सुरू केली. आता तिच्या पाटीवर 'व्ही ए' ही अक्षरे मिरवतात. व्यवहारात बाईंची एकच अट होती: भोंग्याचे नाव काढायचे नाही. माझ्या स्नेह्याने पुष्कळ आग्रह केला, मीही मध्ये पडलो नाही.

२०१४ साली फ्रान्समधल्या एका शेतावर साठएक जुन्या गाड्या सापडल्याचे मी वाचले. मोटारींचे संग्रहालय काढण्याचे स्वप्न पाहणारा एक वाहतूक व्यावसायिक धंद्यात बुडाला आणि गाड्या छपराखाली राहिल्या. जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखालची एक फेरारी पुढल्या वर्षी लिलावात एक कोटी साठ लाख युरोंवर गेली. 'विसरलेला खजिना' असे सगळ्यांनी छापले. मला ते खरे वाटले नाही. दारावरून जाता-येता त्या घरच्या माणसांना आत काय आहे हे ठाऊक असणारच. मी स्वतः इतकी वर्षे विसरलेल्या मोटारी शोधतो आहे असे सांगत आलो; विसरलेली अशी एकही मला सापडली नाही. कोणीतरी हाताने झाकल्याशिवाय एवढी मोठी वस्तू दिसेनाशी होत नाही.

बाई आता नाहीत. व्यसन माझे सुटलेले नाही, फक्त गोठ्यात शिरण्यापूर्वी मी छपरीत थोडा अधिक वेळ बसतो. दर दिवाळीत मंडईला जातो. दंडारीत सोंगाड्या आता पहिल्याचा मुलगा आहे. भोंगा तोच, फुगा तिसरा. तो पुढे येऊन 'पों पों' वाजवतो, आणि पुढच्या रांगेतली लहान लेकरे त्या फुग्याला हात लावायला धडपडतात. तो लावू देतो.