दहा बाय दहाची खोली आणि खर्जाची तार

देवगाव रंगारीसारख्या गावातील घरांची रचना गेल्या पिढीत ज्या वेगाने पालटली, त्या वेगाने घरात ऐकण्याची रीत पालटलेली नाही, ही गोष्ट ध्वनियंत्रणेच्या माझ्या व्यवसायात मला नित्य जाणवते. मातीच्या रुंद भिंतींची आणि लाकडी तुळयांवर माती पसरलेल्या माळवदांची घरे जाऊन त्यांच्या जागी स्लॅबची, फरशी घातलेली, दहा बाय दहाच्या खोल्यांची घरे उभी राहिली. आल्याचा नाहीतर मक्याचा एखादा हंगाम साधला की मागच्या अंगाला आणखी एक खोली निघते. पूर्वी रेडिओ हे सरकारी परवान्याचे, पोस्टात दरसाल शुल्क भरून बाळगण्याचे यंत्र होते, आणि घरातील ते एकुलते यंत्र बैठकीतील फळीवर विराजमान असे. परवान्याचे ते बंधन १९८० च्या दशकात उठले. आज आजीच्या खोलीला, मुलांच्या अभ्यासाच्या खोलीला आणि स्वयंपाकघरालाही आपापला स्वतंत्र स्वर हवा असतो, आणि त्यात वावगे काहीच नाही. मात्र या लहान दालनांसाठी यंत्र निवडताना मंडळी ज्या कसोट्या लावतात, त्या बैठकीच्या नसून मांडवाच्या आणि मिरवणुकीच्या असतात.

‘किती वॅटचा?’ हा पहिला सवाल. खोक्यावर ठळक छापलेला पीएमपीओचा चार आकडी हिशेब हा क्षणार्धाच्या कल्पित उसळीचा असून, यंत्र अखंड जी शक्ती देऊ शकते तिच्याशी, म्हणजे आरएमएसशी, त्याचा निश्चित मेळ घालता येत नाही. साधारण लहान स्पीकर १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर ८६ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. माणसांचे नेहमीचे संभाषण ६० डेसिबलच्या घरात असते. आणि वॅट दसपट केले तरी भर पडते ती १० डेसिबलची, म्हणजे कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा भासतो इतकेच. ज्या खोलीत ऐकणारा यंत्रापासून सहा-सात फुटांवर बसणार, तिथे १५-२० वॅट आरएमएसची जोडी पुरून उरते. वॅटच्या प्रकरणाचा निकाल एवढ्यावर लावून मी गिऱ्हाइकाला खोलीच्या मापाकडे वळवतो, कारण खरी कैफियत तिथे आहे.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची निम्मी लांबी नेमकी मावते, ती लहर त्या भिंतींच्या आश्रयाने फुगते आणि रेंगाळते. दहा फुटांच्या अंतरात हा स्वर ५६ हर्ट्झच्या जवळ पडतो, आठ फुटांत ७० च्या. आता आपल्याकडचा गवंडी खोली लांबीला दहा, रुंदीला दहा आणि उंचीलाही दहा फूट अशी मोठ्या निष्ठेने चौरस काढतो, त्यामुळे तिन्ही दिशांचे दोष एकाच स्वरावर येऊन बसतात. अशा खोलीत जमिनीवर मोठा वूफर ठेवला, की संगीतातील सर्व मंद्र स्वर लोपून एकच एक घुमारा शिल्लक राहतो. गिऱ्हाईक त्यालाच ‘बेस’ म्हणते आणि वर त्याचे कौतुकही करते. संगीताच्या दृष्टीने तो केवळ खोलीचा हुंदका असतो.

याच्या उलट बाजूचा चमत्कार मला तंबोऱ्याने शिकवला. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे ६९ च्या आसपास बोलते. चार इंची पडद्याचा छोटा स्पीकर त्या पातळीला जवळजवळ मुका होतो. तरीही त्यातून तंबोरा ऐकताना खर्ज हरवल्याची तक्रार सहसा कोणी करीत नाही. जवारीमुळे त्या तारेतून १३९, २०८, २७७ अशी उपस्वरांची जी समृद्ध मालिका उमटते, तिच्या अंतरांवरून आपली श्रवणेंद्रियेच मूळ स्वराची पूर्ती करून घेतात. म्हणजे आठ फुटी खोलीत मोठा वूफर जो ७० चा स्वर फुगवून विद्रूप करतो, तोच स्वर लहान खोका गाळून टाकतो आणि कान तो स्वच्छ रूपात परत उभा करतो. लहान खोलीस लहान यंत्र द्यावे ही माझी शिफारस काटकसरीपोटी नसून या कारणाने आहे.

बीबीसीच्या अभियंत्यांनाही १९७० च्या दशकात अशीच अडचण पडली होती. बाहेरगावच्या प्रक्षेपणासाठी नेण्याच्या गाड्यांत उभे राहायलाही धड जागा नसताना ध्वनीची पारख करावयाची, यासाठी त्यांनी एलएस३/५ए नावाचा, फूटभर उंचीचा आणि पाच इंची पडद्याचा स्पीकर सिद्ध केला. अतिमंद्राचा हव्यास त्यांनी सोडला, त्याच्या जरा वरच्या पट्टीला किंचित उठाव दिला, आणि मनुष्यवाणीचा अस्सलपणा मात्र कसोशीने राखला. जगभरचे शौकीन त्याची वाखाणणी आजही करतात.

यंत्र निवडले तरी निम्मे काम उरते. हार्वर्डमधील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही, म्हणून १८९५ साली वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाची त्यावर नेमणूक झाली. त्याने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या, त्यांच्या संख्येप्रमाणे घुमारा किती आटतो याचे मोजमाप केले, आणि त्यातून वास्तूंच्या ध्वनिशास्त्राचे मूळ सूत्र निघाले. आमच्या गावी त्यासाठी विद्यापीठ लागत नाही. नव्या, रिकाम्या, गिलावा केलेल्या खोलीत टाळी दोन-तीन सेकंद रेंगाळते. तिथे कापसाची गादी, भिंतीलगत घड्या घातलेल्या गोधड्या, एक जाड पडदा आणि पुस्तकांचे कपाट आले, की अक्षरे सुटी होतात. घुमारा फार असेल तर मी स्पष्टच सांगतो की यंत्राचे दोन हजार कमी करावेत आणि गादी घ्यावी. दुकानदारीच्या दृष्टीने ही नीती बरी नव्हे, हे मला ठाऊक आहे. पत्र्याच्या खोलीबद्दल मात्र माझ्यापाशी तोडगा नाही. पाऊस सुरू झाला की तिथे कोणत्याही यंत्राने गप्प बसावे.

आजीच्या खोलीचा विचार निराळा करावा लागतो. वाढत्या वयात प्रथम क्षीण होतात ते उंच स्वर, आणि त्यांच्याबरोबर ‘स’, ‘त’, ‘क’ यांसारखी व्यंजने. म्हणून आवाज वाढवत गेले तरी कीर्तनातील शब्द कळेनासा होतो. एका वृद्ध बाईंनी मला बजावले होते, “मोठ्यानं नको रे बाबा, नीट ऐकू येऊ दे.” अशा ठिकाणी यंत्र पलंगाच्या उशाशी, कानाच्या पातळीवर आणि हाताच्या अंतरावर ठेवावे, कारण अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि घुमाऱ्याची त्यावर सरशी होत नाही. ५००० गाणी भरलेला ‘कारवाँ’ नावाचा स्पीकर २०१७ मध्ये बाजारात आला, तो घरोघरच्या वडीलधाऱ्यांना मानवला याचे मोठे श्रेय मी त्याच्या जुन्या रेडिओसारख्या ठसठशीत बटनांना देतो. कोनाड्यात वा देवळीत मात्र कोणतेही यंत्र कोंबू नये. तिथे आवाज पोकळ होतो, आणि दोन भिंतींच्या कोपऱ्यात तर मंद्र स्वर अवास्तव फुगतो.

स्वयंपाकघरात जोडीची गरज नाही; तिथे बाई एका जागी उभ्या नसतात, तेव्हा पुसून घेता येईल असा एकच चांगला खोका, शेगडीपासून दूर, पुरेसा होय. दोष मात्र तिथे भलताच निघतो. स्पीकर फाटला म्हणून जी यंत्रे माझ्याकडे परत येतात, त्यांतील कित्येक निर्दोष असतात. ठरावीक स्वराला थरथरते ती मांडणीवरची स्टीलची ताटे आणि डब्यांची झाकणे. मी यंत्र तसेच परत नेतो, तेच गाणे लावतो, आणि खरखर सुरू होताच एकेका ताटावर बोट ठेवत जातो. अपराधी सापडला की मांडणी आणि भिंत यांच्यामध्ये जुन्या लुगड्याची एक घडी सारून देतो. तिचे बिल करीत नाही.